धसका आणि धोका : एचआयव्हीसह जगणाऱ्यांमधल्या पीटीएसडीचा उपचार कसा अभ्यासायचा?



पेट झाली, नेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, पण "रिसर्च प्रश्न नेमका कसा मांडायचा तेच कळत नाही," असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतात. यावर पुस्तकी उत्तर देण्यापेक्षा आज मी माझाच विषय उघडून दाखवते. विषय आहे एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांमधला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक ताण, आणि त्याचे उपचार. तुमचा विषय वेगळा असला तरी चालेल. प्रश्न कुठे चुकतो आणि तो सरळ कसा करायचा, एवढं यातून मिळालं तरी पुरे.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं. विषाणू, व्हायरल लोड, सीडी४ हे माझ्या ओळखीचं जग. औषध घेतलं की व्हायरल लोड खाली येतो, हे आलेखावर सरळ दिसतं. पण ज्याचा येत नाही त्याचं काय? तो गोळ्या का चुकवतो? हा प्रश्न मला प्रयोगशाळेतून बाहेर घेऊन आला.

सुरुवात आमच्या वळपासून

मी भिवंडीजवळच्या वळ गावात राहते. माणकोली, दापोडे, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात फिरलात तर शेतं कमी आणि गोडाऊन जास्त दिसतील. रात्रंदिवस ट्रक, कंटेनर, हमाल, पॅकिंगला येणाऱ्या बायका, परराज्यांतून आलेली मुलं.

२९ एप्रिल २०२३, शनिवार. वळपाड्यातल्या वर्धमान कंपाउंडमधली इमारत कोसळली. खाली गोदामाचं काम चालू होतं, वर माणसं राहत होती. आठ जणांचा जीव गेला. काही जण ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले.

आता विचार करा. त्या ढिगाऱ्यातून निघालेल्या एखाद्या माणसाला सहा महिन्यांनंतरही रात्री दचकून जाग येते. ट्रकचा पाटा जोरात आपटला की अंग गार पडतं. तो त्या रस्त्याने जायचं टाळतो. हा पीटीएसडी असू शकतो का? हो, असू शकतो. घटना एक, तिला तारीख आहे, ती अचानक घडली, जिवावर बेतली आणि संपली. पाठ्यपुस्तकातलं उदाहरण असावं इतकं स्वच्छ चित्र आहे.

दुसरा माणूस घ्या. याच पट्ट्यात माल उतरवायला येणारा ट्रकचालक. त्याला एचआयव्ही आहे. त्यालाही झोप नाही, तोही दचकतो, तोही काही गोष्टी टाळतो. याच्या बाबतीत आघाताची घटना कोणती? रिपोर्ट हातात आला तो दिवस? त्याआधीचं काही? की घटना अजून संपलेलीच नाही? आजचा लेख या फरकाबद्दल आहे.

पीटीएसडी म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे "धसका घेतला" असा फार चपखल शब्द आहे. एखादी भयंकर गोष्ट घडून गेली, पण शरीराला ती गेल्याचं पटलेलं नाही. वैद्यकीय भाषेत याचे निकष आहेत. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात, म्हणजे डीएसएममध्ये, हे निदान १९८० साली आलं. आजच्या डीएसएम-५ मध्ये लक्षणांचे चार गट आहेत :

- नको असताना घटना पुन्हापुन्हा आठवणं, तिची वाईट स्वप्नं पडणं
- तिची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसं, विचार टाळणं
- स्वतःबद्दल, जगाबद्दल मत काळवंडणं. अपराधी वाटणं, कशातच मन न लागणं
- शरीर सतत सावध असणं. दचकणं, चिडचिड, झोप न लागणं

हे सगळं एक महिन्याहून जास्त काळ टिकलं आणि त्याने रोजचं जगणं अडलं तर निदानाचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी-११ हे वर्गीकरण यादी आणखी आटोपशीर करतं. घटना आत्ता घडतेय असं पुन्हा अनुभवणं, टाळाटाळ, आणि सतत धोका असल्याची जाणीव, अशी तीन मुख्य लक्षणं ते मानतं.

यातलं तिसरं लक्षण वहीत लिहून ठेवा. पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे. इमारतीतून वाचलेल्या माणसाला धोका वाटतो, पण ती घटना संपलेली आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाला धोका वाटतो, तेव्हा तो खरोखर असू शकतो.

रिपोर्ट हा आघात आहे का?

इथे संशोधकांमध्येच मतभेद आहेत. १९९४ च्या डीएसएम-४ मध्ये जीवघेण्या आजाराचं निदान कळणं हासुद्धा आघात धरता येत होता. त्यामुळे त्या काळातल्या अनेक अभ्यासांत "एचआयव्हीचं निदान" हाच आघात मानून पीटीएसडी मोजलेला दिसतो. २०१३ मध्ये डीएसएम-५ ने हे दार बरंचसं बंद केलं. जीवघेणा आजार आहे म्हणून तो आपोआप आघात ठरत नाही. वैद्यकीय घटना अचानक आणि भयानक स्वरूपाची असली तरच ती मोजायची.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? २००५ चा एक पेपर आणि २०१८ चा एक पेपर दोन्ही "पीटीएसडी" असंच लिहितात, पण त्यांनी मोजलेली गोष्ट एकच असेल याची खात्री नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना टक्केवारी उचलण्याआधी बघा : व्याख्या कुठली, साधन कुठलं, आणि कुठल्या घटनेबद्दल विचारलं होतं.

एक उदाहरण. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एचआयव्हीबाधित महिलांवरच्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे ३० टक्के महिलांमध्ये अलीकडचा पीटीएसडी आढळला, आणि निम्म्याहून जास्त महिलांनी जोडीदाराकडून हिंसा सोसलेली होती. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अनेकांच्या आयुष्यात आघात एचआयव्हीच्या आधी आलेला असतो. लहानपणचे अत्याचार, घरातली मारहाण, बळजबरी, आणि यातलंच काही कधी संसर्गाचं कारणही ठरतं. पण हाच ३० टक्क्यांचा आकडा उचलून "महाराष्ट्रातही ३० टक्के" असं लिहू नका. राष्ट्रीय अंदाजानुसार २०२१ मध्ये राज्यात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे ३ लाख ९४ हजार होती, देशात सर्वाधिक. त्यात सांगलीची शेतमजूर बाई आहे, मुंबईतला समलिंगी तरुण आहे, भिवंडीचा लूम कामगार आहे. सगळ्यांना एका परदेशी टक्क्यात बसवता येणार नाही.

माझी चूक

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. पायलटसाठी मी जी प्रश्नावली तयार केली, तिच्यात जवळजवळ प्रत्येक प्रश्नाची सुरुवात "एचआयव्हीचं निदान झाल्यापासून..." अशी होती. मला ते अगदी तर्कशुद्ध वाटलं होतं. एचआयव्हीचा अभ्यास आहे, मग आघात एचआयव्हीचाच असणार ना!

पहिल्या काही मुलाखती छान झाल्या. लोक "हो", "नाही", "कधीकधी" अशी उत्तरं देत होते, मी गोल करत होते. मग एक ट्रकचालक दादा आले. त्यांची ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत, आणि लिहायला त्यांनी होकार दिलाय. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला ते थांबले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही सारखं रिपोर्टचं विचारताय. रिपोर्ट माझ्या स्वप्नात येत नाही. स्वप्नात घाट येतो."

घाटात त्यांची गाडी उलटली होती. सोबतचा क्लीनर केबिनमध्ये अडकला. हे हाका ऐकत होते आणि काही करू शकत नव्हते. एचआयव्हीचं निदान त्यानंतर दोन वर्षांनी झालं.

मी विचारलं, "मग गोळ्या का चुकतात?" ते हसले. "गोळीचा घाटाशी काय संबंध? रात्री पार्किंगमध्ये आम्ही पाच-सहा जण एकत्र जेवतो. तिथे डबी कशी काढू? एकाला कळलं की सगळ्या लाईनला कळतं. मालक दुसऱ्या दिवशी गाडीची चावी काढून घेईल."

त्या संध्याकाळी मी आधीच्या सगळ्या मुलाखती पुन्हा वाचल्या आणि घाम फुटला. या दादांसारखं कोणी थांबवलं नव्हतं म्हणून मी दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबत होते. एक होता घाटाचा धसका : घडून गेलेली, पण शरीरात अडकून बसलेली आठवण. दुसरा होता पार्किंगमधला धोका : आज, या क्षणी खरा असलेला. दोन्हींमुळे झोप उडते, दोन्हींमुळे माणूस टाळाटाळ करतो. प्रश्नावलीवर दोन्हींचे गुण सारखेच पडतात. उपचार मात्र सारखा नाही.

गाईड फार काही बोलल्या नाहीत. "त्या मुलाखती बाजूला ठेव आणि प्रश्नावली पुन्हा लिही," एवढंच म्हणाल्या. चार महिन्यांचं काम बाजूला ठेवताना मला रडू आलं, हे लपवत नाही.

लक्षणं एकमेकांत मिसळतात

घटना नीट विचारली तरी काम संपत नाही. एचआयव्हीमध्ये पीटीएसडीसारखी दिसणारी लक्षणं इतर कारणांनीही येतात. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना इथे फायदा आहे, तो घ्या.

पहिलं कारण औषध. आपल्या सरकारी कार्यक्रमात अनेक वर्षं पहिल्या फळीच्या गोळीत इफाविरेन्झ असायचं. ते झोपताना घ्यायला सांगत, कारण चक्कर येणं, झोप बिघडणं आणि अतिशय स्पष्ट, विचित्र स्वप्नं पडणं हे त्याचे ओळखीचे दुष्परिणाम आहेत, विशेषतः सुरुवातीच्या आठवड्यांत. आता त्याची जागा डोल्युटेग्राव्हिरने घेतली आहे. त्यानेही काहींची झोप बिघडते, पण स्वप्नांचा त्रास तुलनेने कमी. म्हणजे जुन्या डेटात "वाईट स्वप्नं" या रकान्यातला काही भाग गोळीचा असू शकतो. कोण कुठली गोळी कधीपासून घेतोय, हा रकाना फॉर्ममध्ये हवाच.

दुसरं कारण मेंदू. एचआयव्ही मेंदूपर्यंत पोचतो, आणि काही रुग्णांत लक्ष न लागणं, विसरणं, विचार मंदावणं असे परिणाम दिसतात. "मन एकाग्र होत नाही" हा पीटीएसडीच्या यादीतलाही मुद्दा आहे.

तिसरं कारण नैराश्य आणि दारू. दोन्ही पीटीएसडीबरोबर वारंवार दिसतात आणि दोन्हींमुळे गोळ्या चुकतात. त्यांना वेगळं मोजलं नाही तर दोष कुणाचा हे सांगता येणार नाही.

साधनांचंही तसंच. पीसीएल-५ ही वीस प्रश्नांची यादी खूप वापरली जाते. गुण ० ते ८०, आणि साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं तर पुढची तपासणी सुचवतात. लक्षात घ्या, ही चाळणी आहे. निदानासाठी प्रशिक्षित माणसाने घेतलेली सविस्तर मुलाखत लागते. शिवाय भाषा. भिवंडीत मराठी बोलणारा आहे, उर्दू आणि हिंदी बोलणारा आहे, लूमवर तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबं आहेत. नुसतं शब्दशः भाषांतर करून भागत नाही. "तुम्ही भावनिकदृष्ट्या सुन्न झाला आहात का?" असं विचारलं की समोरचा तुमच्याकडेच बघत राहतो. "कशाचंच काही वाटेनासं झालंय का?" असं विचारलं की उत्तर येतं. भाषांतर करा, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून घ्या, आणि मग पाच-सात लोकांना विचारा की या प्रश्नाचा अर्थ त्यांना काय लागला.

उपचार काय आहेत आणि पुरावा काय सांगतो?

पीटीएसडीसाठी सगळ्यात मजबूत पुरावा आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचारांचा आहे. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या प्रोलॉन्ग्ड एक्सपोजरमध्ये सुरक्षित जागी, उपचारकाच्या सोबतीने, ती आठवण पुन्हापुन्हा सांगायची असते, आणि टाळलेल्या पण सुरक्षित जागी हळूहळू जायचं असतं. शरीर शिकतं की आठवण म्हणजे घटना नव्हे. पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत मनात अडकून बसलेली विधानं तपासली जातात, उदाहरणार्थ "माझ्यामुळेच तो गेला." सर्ट्रालीन, पॅरोक्सेटीन यांसारखी औषधंही वापरतात, पण एआरटीतल्या काही औषधांशी त्यांची आंतरक्रिया होते, म्हणून डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

एचआयव्ही असलेल्या लोकांवर या उपचारांचे अभ्यास तुलनेने थोडे आहेत. तीन सांगते, प्रत्येकाकडून एक धडा घ्या.

पहिला अमेरिकेतला, २०१२ चा. ६५ सहभागी, काहींना प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर, काहींचं फक्त निरीक्षण. उपचार मिळालेल्यांत पीटीएसडीची लक्षणं जास्त कमी झाली. "एचआयव्हीचे रुग्ण आधीच खचलेले, त्यांना आघाताबद्दल बोलायला लावू नका" या भीतीला हे उत्तर होतं. धडा : छोटा अभ्याससुद्धा एका स्पष्ट शंकेचं उत्तर देऊ शकतो. पण तुलना निरीक्षणाशी होती, त्यामुळे फायदा तंत्राचा की कोणीतरी आठवड्याला वेळ दिला त्याचा, हे पूर्ण वेगळं होत नाही.

दुसरा न्यूयॉर्कचा, कॅथलीन सिक्केमा आणि सहकाऱ्यांचा. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या आणि आता एचआयव्ही असलेल्या २४७ स्त्री-पुरुषांना घेऊन पंधरा सत्रांचा गट-उपचार तपासला. तुलनेसाठी केवळ प्रतीक्षा यादी ठेवली नाही. तेवढाच वेळ भेटणारा साधा आधारगटही ठेवला. धडा : कंट्रोल गट असा निवडा की वरची शंकाच उरणार नाही.

तिसरा केनियातल्या किसुमूचा, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला. हिंसा सोसलेल्या २५६ एचआयव्हीबाधित महिलांना नात्यांवर आणि सद्यस्थितीवर भर देणारी इंटरपर्सनल सायकोथेरपी दिली. देणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते. तीन महिन्यांनी नैराश्य आणि पीटीएसडी दोन्हींचं प्रमाण नेहमीच्या उपचारापेक्षा कमी होतं. आपल्यासाठी हा अभ्यास सगळ्यात जवळचा, कारण आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञ थोडे आणि एआरटी केंद्रांवर समुपदेशक आहेत. आणि या पद्धतीत आठवण पुन्हा सांगण्याची सक्ती नाही. आज घरात, नात्यात काय चाललंय यावर काम होतं.

धोका खरा असतो तेव्हा

आता त्या दादांकडे परत येऊ. घाटाच्या धसक्यावर एक्सपोजर चालेल. घाट संपलाय, आठवण सांगितल्याने गाडी पुन्हा उलटणार नाही. पण पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर डबी काढायचा सराव करायला लावला तर? त्यांची नोकरी जाऊ शकते. त्याला उपचार म्हणता येणार नाही.

रेसिक यांच्या पद्धतीत विधानं तपासतात, त्यावरून हे आणखी स्पष्ट होईल. समजा दोन विधानं समोर आली.

"माझ्या ताटात मुलगी जेवली तर तिला होईल." हे विधान पुराव्याने खोडता येतं. एकत्र जेवण्याने एचआयव्ही पसरत नाही. एवढंच कशाला, युरोपातल्या पार्टनर अभ्यासांत, ज्यांचा व्हायरल लोड औषधाने दबलेला होता त्यांच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून झालेला एकही संसर्ग सापडला नाही.

"मालकाला कळलं तर काम जाईल." हे विधान विकृत विचार म्हणून खोडता येत नाही, कारण असं घडलेलं आहे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर एका हंगामी कामगाराचं प्रकरण आलं होतं. काम करायला तो सक्षम होता, तरी केवळ एचआयव्हीमुळे त्याला कामावरून वगळलं होतं. न्यायालयाने हे चूक ठरवलं, आणि त्याला नाव उघड न करता "एमएक्स" या अक्षरांखाली लढू दिलं. पुढे एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. नोकरीतला भेदभाव त्याने बेकायदा ठरवला. हे दादांना सांगणं, गोळीची वेळ बदलून सकाळी एकट्याने घेता येईल का हे डॉक्टरांशी बोलणं, साध्या डबीत गोळ्या ठेवणं, विश्वासाचं एक माणूस शोधणं, हे धोक्यावरचे उपाय आहेत. ते बहुतेक समुपदेशनाच्या आणि कायद्याच्या हद्दीतले आहेत.

मला या लेखात एवढंच सांगायचंय : धसक्यावर मनाचा उपचार, धोक्यावर परिस्थितीचा उपचार, आणि आधी कुठला कुठला हे विचारून घ्यायचं. माणूस टाळाटाळ करतोय म्हणून तो पीटीएसडीच असं धरलं, तर आपण समाजाचा दोष रुग्णाच्या डोक्यात शोधत बसतो. उलट सगळं कलंकावर ढकललं, तर घाटातल्या हाका कोणी ऐकतच नाही. दादा दोन वर्षं समुपदेशनाला जात होते आणि अपघाताबद्दल त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

विषय कुठलाही असो, हे पाच प्रश्न कागदावर लिहून उत्तरं द्या.

१. मी मोजतोय ती गोष्ट नेमकी कोणती? तिची व्याख्या कुठल्या वर्षाची, कुठल्या वर्गीकरणाची?

२. सारखी दिसणारी पण वेगळ्या कारणाची दुसरी गोष्ट कोणती? ती वेगळी करायला फॉर्ममध्ये रकाना आहे का?

३. माझ्या प्रश्नातच उत्तर दडलंय का? "निदान झाल्यापासून" या माझ्या दोन शब्दांनी काय घोळ केला ते वर वाचलंत.

४. तुलना कशाशी? आणि त्या तुलनेनंतर कुठली शंका शिल्लक राहते?

५. उत्तर देणाऱ्याला माझ्यामुळे काय सोसावं लागेल?

पाचव्यावर थोडं जास्त. वर सांगितलेल्या २०१७ च्या कायद्याचं कलम ५ संशोधनासाठी माहितीपूर्ण संमती बंधनकारक करतं आणि कलम ८ माणसाची एचआयव्ही स्थिती उघड करण्यावर बंधन घालतं. पण कायद्याच्या पलीकडे साध्या गोष्टी असतात. घरी फोन करू नका. व्हॉट्सॲपवर "एआरटी मुलाखत उद्या ११ वाजता" असं पाठवू नका. फोन बायकोच्या किंवा साथीदाराच्या हातात असू शकतो. गावात भेटलात तर आधी ओळख दाखवू नका. आणि आघाताबद्दल विचारण्याआधी, समोरचा कोसळला तर त्याला कुणाकडे नेणार ते ठरलेलं हवं. आपण उपचारक नाही. एथिक्स कमिटी हे विचारतेच. तिने विचारलं नसतं तरी ठरवायचं.

माझी नवी प्रश्नावली आता एका मोकळ्या प्रश्नाने सुरू होते : "आयुष्यात अशी कुठली गोष्ट घडली, जी आजही पाठ सोडत नाही?" त्यानंतर वेगळ्या पानावर : "आज तुम्हाला कशाची भीती वाटते?" दोन पानं, दोन आकडे. बाजूला ठेवलेल्या मुलाखतींपैकी ज्यांनी पुन्हा यायला होकार दिला त्यांना पुन्हा भेटते आहे.

दादांना मी मानसोपचार विभागात पाठवलं. ते गेले. गोळी आता सकाळी, गाडी सुरू करायच्या आधी घेतात. घाट अजून स्वप्नात येतो, पण आता त्याबद्दल ते कुणाशी तरी बोलतात. एका माणसावरून उपचार चालला असं म्हणता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वाचताना कुणाला आपलं किंवा घरातल्या कुणाचं काही आठवलं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि एचआयव्हीबद्दलच्या प्रश्नांसाठी १०९७. दोन्हीकडे नाव सांगायची गरज पडत नाही.

पुढच्या लेखात कंट्रोल गट निवडताना होणाऱ्या चुकांबद्दल सविस्तर लिहीन. तोपर्यंत आपापल्या सिनॉप्सिसचा पहिला प्रश्न पुन्हा एकदा वाचा, आणि त्यात उत्तर आधीच लिहून ठेवलंय का ते बघा.